गिरजाकाठच्या काळ्या रानात जीप

वाचकहो, राजूरच्या गणपतीला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असाल. अंगारकीला तर जालन्याहून पायी निघणाऱ्यांची रात्रभर रीघ लागलेली असते. दर्शन झाले, प्रसाद बांधून घेतला, की बहुतेक मंडळी आल्या वाटेने परत फिरतात. या भादव्यात मी तसा फिरलो नाही. राजूरहून हसनाबादची गाडी धरली. कारण देवाधर्माचे नव्हते. एका जीपचे होते.

हसनाबादला आमचे साडू राहतात. त्यांचा निरोप होता, "पोरानं एक जुनी जीप पाहून ठेवली आहे, चारी चाकं ओढणारी. तुम्ही येऊन बघा आणि घ्यावी का नको ते सांगा. तुमच्या शब्दावर आहे." माझी उभी हयात मोटारींखाली पाठीवर झोपून ग्रीस पुसण्यात गेली, म्हणून घरात असा मान मिळतो. पण मान मिळाला म्हणजे जबाबदारीही आली. जीप घ्यायला पैसे कुठून आणणार, असे विचारले तर साडूंनी सांगितले की रस्त्याकडचे वीस गुंठे विकायचा विचार आहे. वीस गुंठे जमीन आणि तीही रस्त्याकडची! मग मात्र मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

हसनाबाद हे भोकरदन तालुक्यातले गिरजा नदीचे गाव. गिरजा पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा खाली परभणीकडे गोदावरीला. गावाच्या नावातले 'आबाद' जुन्या मुसलमानी अमलाची आठवण करून देते. हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पुढे औरंगाबाद जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा जालन्यात आला. बाजारपेठेचे गाव, पोलीस ठाणे असलेले गाव. आजूबाजूला कपाशी, मका, सोयाबीन, तूर. वर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला मिरचीच्या गोणी जातात. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास; तो कधी सगळा एकदम येतो, कधी वाट बघायला लावतो. आणि जमीन? जमीन काळी. इतकी काळी आणि खोल, की उन्हाळ्यात पडलेल्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जावा. ही काळी माती लक्षात ठेवा, पुढची सगळी हकिकत तिच्याभोवतीच फिरणार आहे.

साडूंची वस्ती गावापासून दीड मैलावर. डांबरी रस्ता सोडला की पाणंद लागते. पाणंदीत मी पायातली चप्पल हातात घेतली ती वस्तीवर पोहोचेपर्यंत हातातच राहिली. दर पावलाला पायाला शेर-शेर माती. ज्यांचे रान काळे आहे त्यांना हे सांगायला नको, पण मुरमाड मुलखातल्या वाचकांनी समजून घ्यावे. ही माती पाणी प्याली की फुगते, चिकटते आणि सोडत नाही.

वस्तीवर बघतो तर मक्याच्या कडेचे पाच-सहा ताफे आडवे झालेले. कणसे अर्धवट खाल्लेली, त्याहून जास्त नुसती तुडवलेली. रानडुकरांचे काम. तुरीचे शेंडे रोह्यांनी खुडलेले. पुतण्या (साडूचा मुलगा म्हणजे माझा पुतण्याच) भलता चिडलेला होता. त्याच्या आजोबांची जुनी परवान्याची बंदूक आता त्याच्या नावावर झाली आहे. त्याचा हिशेब सरळ होता. "काका, पायी राखण करून रोही हाती लागत नाही. एका कोपऱ्यातून हाकललं की दुसऱ्या कोपऱ्यात. जीप असली, वर मोठा लाईट असला, की पाठलाग करून एकदाच काय ते उडवून टाकायचं. अन् चिखलात अडकू नये म्हणून चारी चाकांची पाहिजे."

म्हणजे प्रश्न नुसत्या जीपचा नव्हता. शिकाऱ्याला चारी चाके ओढणारी गाडी लागते का, असा होता.

ओसरीवर म्हातारे आबा बसले होते. साडूंचे चुलते, वय पंच्याऐंशीच्या पुढे. ते हसले. म्हणाले, "मी बसलो आहे असल्या जीपमधी." आणि मग त्यांनी जे सांगितले ते मी इथे थोडक्यात देतो.

साठीच्या दशकातली गोष्ट. शहरातून काही मंडळी जीप घेऊन शिकारीला यायची. कोण, कुठली, ते सोडून देऊ. आबा तेव्हा पंचविशीचे. माळाची वाट दाखवायला त्यांना पुढे बसवत. एकाच्या हातात बॅटरीवर चालणारा मोठा दिवा, दुसऱ्याच्या हातात बंदूक. हरणाच्या डोळ्यांवर उजेड पडला की ते जागच्या जागी थिजते. पळत नाही, बघत राहते. आबा म्हणाले, "त्याला शिकार म्हणायचं का? गोठ्यात शिरून बांधलेलं जनावर मारल्यावाणी होतं ते. एका रातीत सहा पडली. दोन नेली, बाकीची तिथंच. मी दुसऱ्या खेपेला गेलो नाही." त्या वेळी माळावर काळविटांचे कळप शंभर-शंभराचे असत, असे ते सांगतात. आता आठ-दहा एकत्र दिसले तरी पोरे मोबाईलवर फोटो काढायला धावतात.

ही जीप आपल्याकडे आली कशी, हेही इथे सांगून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यासाठी विलीस नावाच्या जीपा लाखोंनी बनवल्या. लढाई संपल्यावर त्यातल्या कितीतरी इकडेच विकल्या गेल्या. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत त्याच जातीच्या जीपा जोडायला सुरुवात केली. पाटबंधाऱ्याचा साहेब, तहसीलदार, निवडणुकीचा उमेदवार यांच्याबरोबर जीप खेड्यापाड्यांत शिरली. आणि जिथे रस्ता नाही तिथेही ती जाते म्हटल्यावर शिकारी तिच्यावर खूश झाले. पण जनावरांच्या दृष्टीने ती फार वाईट वेळ होती. आपल्या देशातल्या शेवटच्या चित्त्यांपैकी तीन नर १९४७ साली कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, तिथल्या राजाने रात्री मोटारीतून फिरत असताना एकाच ठिकाणी मारले. १९५२ मध्ये चित्ता देशातून संपला असे सरकारने जाहीर केले. पुढे २०२२ साली आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडावे लागले, ते आपण ऐकले असेलच.

चित्त्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक गंमत सांगतो. मोटारी येण्याच्या पूर्वी संस्थानिक लोक माणसाळवलेला चित्ता घेऊन काळविटाची शिकार करत. तेव्हा चित्त्याला डोळ्यांवर टोपी घालून नेत ते कशातून? बैलगाडीतून! कारण काळवीट घोड्याला बुजते, माणसाला बुजते, पण रोज शेतातून जाणाऱ्या बैलगाडीला बुजत नाही. गाडी जवळ गेली की टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा. आणि आपले फासेपारधी तर त्याहून पुढचे. ते शिकवलेला बैल किंवा गाय पुढे चालवत आणि तिच्या आडोशाने कळपापर्यंत पोहोचत. इंग्रजांनी या जमातीवर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुष्कळांच्या मनातून अजून गेला नाही. तो भाग वेगळा. पण रानात जनावराच्या जवळ कसे जावे हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांनी चाके वापरलीच नाहीत. चार पाय वापरले. बैलाचे.

पुतण्याला हे ऐकवले तर तो म्हणाला, "काका, तो जुना काळ झाला." बरोबर आहे. म्हणून मग नव्या काळाचे, म्हणजे कायद्याचे सांगितले. हे जरा नीट वाचा, कारण या बाबतीत खेड्यात बराच घोटाळा आहे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सुरुवातीला त्यात काही जनावरांच्या शिकारीला परवाना मिळे. पण परवाना असला तरी गाडीत बसून शिकार करायला किंवा मोटारीने जनावर हाकायला त्या पहिल्या कायद्यातच मनाई होती. म्हणजे परवानेवाल्या शिकाऱ्यालासुद्धा जीप घरी ठेवूनच जावे लागे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवानेच बंद झाले. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे अजून कितीतरी जणांना माहीत नाही. काळविटाला हात लावला तर किमान ३ वर्षे आणि ७ वर्षांपर्यंत कैद. आणि ज्या गाडीतून गुन्हा झाला ती जप्त झालेली गाडी सरकारची मालमत्ता होते. वीस गुंठे विकून घेतलेली जीप एका रात्रीत सरकारजमा!

"मग आम्ही काय नुसतं बघत बसायचं?" हा पुतण्याचा प्रश्न खोटा नाही. कायद्यात त्याला वाट आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दल वनखात्याचा अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत राज्य सरकारने २०१५ मध्ये ही परवानगी देण्याचे काम वनक्षेत्रपालांकडे आणले, म्हणजे त्यासाठी नागपूरला खेटे घालायला नकोत. पण परवानगी कागदावर हवी, आधी हवी, आणि मारलेले जनावर सरकारचे. त्याचे मटण करायचे नाही. दुसरे म्हणजे नुकसानभरपाई. नासाडी दिसली की त्याच दिवशी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज करा. आमच्या साडूंनी पंधरा दिवस "बघू, करू" म्हणत घालवले आणि मका वखरून टाकल्यावर अर्ज केला. आता पंचनाम्याला येणारा माणूस कशाचा पंचनामा करणार?

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. तारेत घरातली वीज सोडू नका. त्या तारेला डुक्कर लागण्याआधी शेजाऱ्याचा पोरगा लागतो, नाहीतर पहाटे दारे धरायला निघालेला आपलाच माणूस लागतो. असे मृत्यू दरवर्षी होतात आणि तार लावणारा तुरुंगात जातो. बॅटरीवरचे, सूर्याच्या उजेडावर भरणारे झटका मशीन वेगळे. ते क्षणभर झटका देते आणि थांबते, जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. फक्त तारेखालचे गवत काढत राहावे लागते, नाहीतर ओल्या गवतातून करंट जमिनीत उतरतो आणि डुकरे खुशाल आत येतात.

शिकारीचा विषय असा संपला. पण जीप अजून संपली नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी विकणारा ती घेऊनच आला. रात्री दोन तास चांगला पाऊस झालेला.

गाडी दिसायला झोकदार होती. हिरवा रंग नुकताच मारलेला. मी आधी खाली वाकलो. जुनी जीप घेताना वाचकांपैकी कोणावर वेळ आली तर हेच करा. बॉनेट नंतर उघडा, आधी खाली वाका. इंजिनाच्या मागे मुख्य गिअरबॉक्स असतो. त्याला चिकटून आणखी एक छोटा डबा असतो. त्यातून एक दांडा मागच्या आसाकडे जातो आणि दुसरा पुढच्या आसाकडे. पुढचा दांडा असेल आणि फिरत असेल तरच ती चारी चाकांची गाडी. डिझेल वाचावे, आवाज कमी व्हावा म्हणून पुष्कळदा हा पुढचा दांडा काढून ठेवलेला असतो. आत दोन दांड्या दिसतात, गिऱ्हाईक खूश होते, आणि खाली काही नसते. या गाडीचा दांडा जागेवर होता. सांध्यांना खेळ होता, पण होता. पुढच्या आसाच्या दोन्ही टोकांच्या गोळ्यांतून मात्र ग्रीस गळून वाळलेले. म्हणजे चारी चाकांत ती बरेच दिवस घातलेलीच नव्हती. आजकाल खेड्यात दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो तर मुळात मागच्याच दोन चाकांवर चालतात. अंगाने दणकट दिसली म्हणजे चारी चाके ओढतात असे समजू नये.

विकणारा म्हणाला, "मामा, चालवून तर बघा. नदीतून काढून दाखवतो."

नदी राहू दे, म्हटले, आमची पाणंद पुरे.

पुतण्या चालवायला बसला, मी शेजारी. पाणंदीचे पहिले शंभर पावले गाडी ऐटीत गेली. दुसरी दांडी ओढून पुढची चाकेही जोडली होती. मग बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या लागल्या. टायरच्या खाचांत माती भरली आणि टायर मडक्यासारखा गुळगुळीत झाला. गुळगुळीत झालेली दोन चाके फिरली काय आणि चार फिरली काय, फरक एवढाच की माती दोन ठिकाणांऐवजी चार ठिकाणी उडते. चाके खाली गेली, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागला, आणि जीप पोटावर बसली. म्हैस डबक्यात बसते तशी.

इथे एक खुबी सांगतो. आपल्या ट्रॅक्टरला पायाशी एक पट्टी असते. ती दाबली की मागची दोन्ही चाके एकजीव होतात आणि एक चाक घसरले तरी दुसरे ओढत राहते. साध्या जीपला ती सोय नसते. त्यामुळे एका आसावरचे एक चाक हवेत किंवा चिखलात मोकळे फिरू लागले की सगळा जोर त्याच्याकडे पळतो आणि शेजारचे चाक गप्प. 'चारी चाके' म्हणून घेतलेली गाडी अशा वेळी पुढचे एक आणि मागचे एक, अशी दोनच चाके फिरवते, आणि तीही नेमकी चुकीची! मुरमाचा चढ, नदीतली वाळू, दगडगोट्यांचा नाला, ओले गवत, अशा ठिकाणी ही गाडी खरोखर कामाची आहे, हे मी नाकारत नाही. अजिंठ्याच्या डोंगराकडे, नाहीतर कोकणात घाटाखाली वस्ती असती तर मी वेगळा सल्ला दिला असता. पण ओली काळी माती वेगळी. तिथे खाली टणक काही नसतेच, तर चाक धरणार कशाला?

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला. तो वीस फुटांवर स्वतःच खचायला लागला, तेव्हा शहाणपणाने मागे घेतला. मग बैल जुंपायचे का, अशी चर्चा झाली. आबा म्हणाले, "बैलांना कशाला मारता? दोन दिवस उघडीप पडू द्या, आपोआप निघंल." आणि खरोखर तेच झाले. जीप दोन दिवस पाणंदीत उभी राहिली. विकणारा बिचारा वस्तीवरच मुक्कामाला. माणूस स्वभावाने चांगला निघाला. भाकरी-मिरचीचा ठेचा खाऊन त्याने आमच्या साडूंच्या पंपाची मोटर दुरुस्त करून दिली.

त्या दोन दिवसांत बोलणे पुष्कळ झाले. पुतण्याचा एक मुद्दा राहिला होता, ओढ्याचा. पाणंद जिथे ओढा ओलांडते तिथे पूर आला की वस्ती तुटते. जीप उंच असते, ती पाण्यातून निघेल, असे त्याचे म्हणणे. वाचकहो, हा समज फार घातकी आहे. वाहते पाणी दोन फूट झाले तर ते मोटारीला खालून उचलू लागते. चाकांवरचे वजनच कमी झाले तर इंजिन चाराला जोर देवो की आठाला! पाण्यात गाडी घालायची नसते, उतार शोधायचा असतो. यावरून मी त्यांना असईची गोष्ट सांगितली.

असई इथून फार लांब नाही, आपल्याच जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची तिथे लढाई झाली. महिना बघा, असाच पावसाळ्याचा शेवट. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, जो पुढे नेपोलियनला वॉटर्लूला भिडला तो, बदनापूरवरून वर आला. मराठ्यांची फौज केळणा नदीच्या पलीकडे. वाटाडे म्हणाले, साहेब, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर. त्याने ताडले, की दोन गावे अशी समोरासमोर आहेत म्हणजे त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे असणार. जाणे-येणे आहे म्हणजे मधे उतार असलाच पाहिजे. तो तिथेच गेला आणि उतार सापडला. त्याच उताराने त्याने फौज पलीकडे नेली. पुढे लढाईत त्याच्या तोफा ओढणारे बैल माराखाली पडले, तेव्हा त्याच्या तोफा जागच्या हलेनात, हेही तितकेच खरे. त्या दिवशी आपली माणसे हरली, ती का आणि कशी हा मोठा विषय आहे. पण परमुलखातून आलेल्या माणसाला आपल्या नदीचा उतार आपल्या गावांच्या मांडणीवरून कळला, याचे मला दरवेळी नवल वाटते.

आबा लगेच म्हणाले, "आपल्या ओढ्याला बी उतार हाये की. बाभळीपाशी. माझ्या बापाच्या वेळी गाड्या तिथूनच जायच्या. खाली खडक लागतो. मग बांध घातला कुणीतरी अन् वाट इकडं वळली."

सगळे गप्प झाले. चाळीस वर्षे ही गोष्ट आबांच्या पोटात होती आणि कोणी विचारलीच नव्हती!

आता सूनबाईंचे सांगतो. इतका वेळ त्या आत स्वयंपाकात होत्या. त्यांनी चहा आणून ठेवला आणि उभ्या राहूनच म्हणाल्या, "मामंजी, मला एक कळत नाही. डुकरं रात्री येतात, पण मला दिवसाच बाहेर जाता येत नाही. मागच्या पावसाळ्यात धाकटी तापानं फणफणली तेव्हा हिला पाठकुळी घेऊन दीड मैल चालले. दूध आठ दिवस डेअरीला गेलं नाही. तुमची जीप पाणंदीत उभी आहे. तिच्यामागं बैलगाडी पण अडकली आहे. मग गाडी घेऊन करायचं काय?"

साडू मिशीवर हात फिरवत माझ्याकडे बघू लागले. मी तरी काय बोलणार? ज्या बाईने पोर पाठीवर घेऊन ती वाट तुडवली, तिच्यापुढे माझी मोटारविद्या काय कामाची!

त्या संध्याकाळी आम्ही तिघे आबांना घेऊन बाभळीपाशी गेलो. पहार घातली. दीड हातावर टणक लागले. वरचा गाळ काढला तर खरोखरच खडक, चांगला दहा-बारा फूट रुंद. मग पाणंद पावलांनी मोजली. दीड मैलाची सगळी पाणंद वाईट नव्हती. दोनच तुकडे खोल काळ्या मातीचे, मिळून कसेबसे तीनशे फूट. बाकीच्या वाटेवर पावसाळ्यातही गाडी चालते. हे इतकी वर्षे सर्वांना दिसत होते, पण मोजले कोणी नव्हते.

पाणंदीबद्दल कायद्याची माहितीही वाचकांना उपयोगी पडेल. शेताला वाट नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कोणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तिथेच दाद मागायची. आणि पाणंद रस्ते करण्यासाठी सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, त्यासाठी ग्रामपंचायतीतून प्रस्ताव जावा लागतो. योजना येईपर्यंत मात्र चिखल थांबत नाही, हेही खरे.

बाभळीपाशी बांध घालणारे शेजारी जुन्या मनाचे आणि थोडे तिरसट. त्यांच्याकडे साडू जायला तयार नव्हते. पाच वर्षांपूर्वी बोलाचाली झाली होती. शेवटी आबा काठी टेकत एकटेच गेले. तासाभराने परत आले ते त्या शेजाऱ्यांना बरोबर घेऊनच. काय बोलले, कोणाला ठाऊक. चहा झाला आणि ते म्हणाले, "बांध मी काढतो, पण पाइप तुम्ही टाका, माझ्या रानात पाणी शिरता कामा नये." रास्त बोलणे होते. साडूंनी मान्य केले.

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. जीप दोन धक्क्यांत निघाली. विकणाऱ्याने जाताना पुतण्याला विचारले, "मग, काय ठरलं दादा?" पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. म्हणाला, "दिवाळीनंतर बघू." विकणारा समजला. त्याने सूनबाईंना रामराम केला आणि गाडी काढली.

वीस गुंठे विकायचे राहिले. पाणंदीवरच्या पाच घरांनी वर्गणी काढायचे ठरवले आहे. खाली मोठा दगड, वर मुरूम, दोन्ही बाजूंना चर. दगड-मुरूम टाकण्याआधी वरची काळी माती हातभर काढून टाकायची, हे मी चार वेळा बजावले. तसाच मुरूम टाकला तर काळी माती तो दोन पावसाळ्यांत गिळते. काढलेली माती शेजारी आनंदाने घेणार आहेत, त्यांचे रान हलके आहे. मक्याभोवती झटका मशीनची तार ओढली आहे आणि तिच्याखालचे गवत काढायचे काम पुतण्याकडे आहे. बंदूक कपाटात आहे.

परवा पुतण्याचा फोन आला होता. बाभळीपाशी पाइप बसला. पहिली गाडी आबांना बसवून बैलांनीच पलीकडे नेली. आबा मधोमध खडकावर गाडी थांबवून खाली उतरले आणि पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसून राहिले, असे तो सांगत होता.